ब्रश कधी बदलायचा? पाडवा ते आषाढी, एका घरातला हिशोब

आमच्या घरी मोठी माणसं पाच. अण्णा, आई, मी, बायको आणि धाकटा भाऊ. राहतो लातूरला. मोरीच्या भिंतीला एक जुना स्टीलचा पेला अडकवलेला असायचा आणि त्यात पाच ब्रश एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभे. ब्रश कधी बदलायचा यावर आमच्यात कधी बोलणंच झालं नव्हतं. ब्रशचा पार खराटा झाला, की कुणीतरी दुकानातून येताना नवा आणायचं. आईचा तर खराटा झाला तरी नाही. "कशाला टाकायलास, अजून चांगलाय की," हे तिचं ठरलेलं.

पाडव्याला मी एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, सॉफ्ट केसांचे पाच ब्रश आणले. रंग तेवढे वेगळे. सगळ्यांना एकाच दिवशी दिले आणि दांड्याच्या मागे काळ्या मार्करनं तारीख घातली. दर पंधरा दिवसांनी पाचही ब्रश ओळीनं ठेवून मोबाइलवर फोटो काढायचा, एवढंच ठरवलं. भाऊ म्हणाला, "आता हेच राहिलं होतं बघ."

तिसरा आठवडा संपायच्या आत त्याच्याच ब्रशचे केस दोन्ही बाजूंनी फाकले. माझा दीड महिन्यात एका अंगाला कलला. बायकोचा अडीच महिने तग धरून होता. अण्णांच्या ब्रशचं टोक चावलेलं निघालं. आणि आईचा ब्रश आषाढीला, म्हणजे तीन महिने उलटून गेल्यावरही, मागून बघितला तर नवा वाटत होता.

एकच वस्तू, एकच घर, एकच पाणी, आणि झीज पाच तऱ्हांची. दंतवैद्य तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदला म्हणतात, आणि केस त्याआधी फाकले तर त्याआधीच बदला, असंही म्हणतात. आपण पहिलं अर्धं वाक्य लक्षात ठेवतो. खरी गोम दुसऱ्या अर्ध्यात आहे. झिजलेल्या ब्रशवर जे प्रयोग झालेत त्यांचा कलही तिकडेच जातो: ब्रश तीन महिने जुना आहे म्हणून साफसफाई फारशी घटत नाही, पण केस फार फाकले की दातांवरचा थर मागे राहायला लागतो. म्हणून तीन-चार महिने ही शेवटची तारीख धरायची आणि त्याआधीचा निर्णय केसांकडे बघून घ्यायचा. तो कसा घ्यायचा, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी ब्रश झिजतो म्हणजे काय होतं

ब्रशच्या डोक्यात साधारण तीस-चाळीस झुपके असतात आणि एकेका झुपक्यात चाळीसेक बारीक तंतू. हे तंतू नायलॉनचे. नायलॉनचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत पहिल्यांदा बाजारात आला. त्याआधी ब्रशला डुकराचे राठ केस असायचे. तंतूंची जुडी मधोमध दुमडून डोक्यातल्या भोकात धातूच्या बारीक चिपेनं ठोकून बसवतात. चांगल्या ब्रशमध्ये प्रत्येक तंतूचं टोक घासून गोल केलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, हिरड्यांना मात्र कळतं.

रोजच्या वापरात तीन गोष्टी घडतात. तंतू मुळाशी वाकतात आणि वाकलेलेच राहतात, त्याला आपण फाकणं म्हणतो. टोकं खरबरीत होतात. आणि ओला नायलॉन मऊ पडत असल्यानं तो नीट सुकला नाही तर ताठपणा परत येत नाही. या तिन्हींत फाकणं सगळ्यात महत्त्वाचं. उभ्या केसाचं टोक दात आणि हिरडीच्या फटीत शिरतं. आडवा पडलेला केस त्या फटीवरून नुसता घसरत जातो. आपल्याला वाटतं घासतोय, तोंडाला पेस्टचा गारवाही लागतो, पण थर जागच्या जागी.

आता एक हिशोब बघा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासलं, तर ९० दिवसांचे होतात ३६० मिनिटं, म्हणजे फक्त सहा तास. तीन महिन्यांत ब्रश काम करतो तो एवढाच. बाकीचे दोन हजारांवर तास तो कुठंतरी उभा किंवा आडवा पडलेला असतो. म्हणून झिजेचा अर्धा हिशोब त्या सहा तासांत हात कसा चालला याचा आणि उरलेला ब्रश ठेवला कसा याचा.

जुन्या माणसांना ब्रश बदलायची सवय का नाही, हेही मला यावरून उमगलं. अण्णा लहानपणी बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या काडीनं दात घासायचे. काडी चावायची, तिचा कुंचला करायचा, घासायचं आणि फेकायचं. काडी रोज नवी, त्यामुळं ती झिजायचा प्रश्नच नव्हता. ब्रश आला आणि पहिल्यांदाच दात घासायची वस्तू दुसऱ्या दिवशी शिल्लक राहायला लागली.

पायरी पहिली: घेताना सॉफ्ट घ्या आणि तारीख घाला

पाकिटावर सॉफ्ट, मीडियम, हार्ड असं लिहिलेलं असतं. बहुतेक मोठ्या माणसांना सॉफ्ट पुरतो. हार्ड ब्रश जास्त टिकतो हे खरं, पण तो टिकतो तो हिरड्यांच्या जिवावर. आठवडी बाजारात पथारीवर मिळणाऱ्या ब्रशच्या जुडीवर कधीकधी काहीच लिहिलेलं नसतं. तिथं अंगठ्याच्या नखाखालच्या कातडीवर केस फिरवून बघा. टोचले, ओरखडा उठला, तर तो ब्रश भांड्यांना ठीक.

डोकं लहान असलेला बघा. मागच्या दाढेच्या पाठीमागं पोचायला मोठं डोकं उपयोगाचं नसतं, आणि पोचत नाही म्हणून माणूस जोर लावतो. हे मी स्वतः केलेलं आहे.

घरी आणल्या आणल्या दांड्यावर पक्क्या शाईच्या मार्करनं तारीख घाला. ओल्या हातानं ती पंधरा दिवसांत पुसट होते, म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मोबाइलमध्ये आठवण लावणारे लावोत. माझ्या अनुभवात ती आठवण आपण दोनदा पुढं ढकलतो आणि तिसऱ्यांदा बंद करतो.

पायरी दुसरी: पंधरा दिवसांनी ब्रश वाचा

ब्रश कोरडा असताना, उजेडात, हे बघायचं. ओला ब्रश फसवतो. ओले केस चिकटून सरळ दिसतात.

पहिली नजर पाठीमागून. ब्रश असा धरा की केस तुमच्यापासून दूर आणि डोक्याची सपाट पाठ तुमच्याकडं. नव्या ब्रशचे केस त्या पाठीमागं लपलेले असतात, कडेनं एकही दिसत नाही. कडेबाहेर केस डोकावायला लागले की झीज सुरू झाली. दोन्ही बाजूंनी मिशांसारखे बाहेर आले की वेळ झाली. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी ही एक तपासणी पुरेशी आहे.

दुसरी नजर बाजूनं. झुपके एकमेकांपासून सुटे उभे दिसतात का, की एकमेकांवर पडलेत? दंतवैद्यकाच्या अभ्यासांत झिजेला ० ते ४ असे गुण देतात. वापरलाय की नवा हेच कळत नसेल तर शून्य. दोन-चार झुपके फाकले तर एक. बहुतेक झुपके फाकून शेजारच्यावर जायला लागले तर दोन. बरेच केस वाकले तर तीन, आणि जवळजवळ सगळेच वाकून आडवे झाले तर चार. आमच्या घरात आम्ही दोनवर ब्रश काढून टाकतो. तीनची वाट बघण्यात काही हशील नाही.

तिसरी गोष्ट डोक्याच्या बुडाशी. झुपक्यांच्या मुळाशी पांढरट किंवा पिवळट थर साचलाय का? केस हलके ओढून बघा, हातात येतात का? चीप सैल झाली की केस सुटून तोंडात येतात. असा ब्रश तारीख काहीही असो, त्याच दिवशी टाका.

आता मजेचा भाग. ब्रश कुठं झिजलाय यावरून तो धरणारा हात ओळखता येतो.

दोन्ही बाजूंनी सारखा फाकलाय, म्हणजे जोर जास्त. भावाचा असाच होता. गंमत म्हणजे घरात सगळ्यात कमी वेळ घासणाराही तोच. पाऊण मिनिटात मोरीतून बाहेर. वेळ कमी म्हणून जोर जास्त, हा त्याचा व्यवहार. "दादा, जोर लावल्याबिगर दात साफ होतेत व्हय?" झीज मिनिटांवर जात नाही, दाबावर जाते, हे त्याच्या ब्रशनं दाखवून दिलं.

एकाच बाजूला कललाय, माझ्यासारखा, तर एकच बाजू रगडली जातेय. मी उजव्या हातानं घासतो. डाव्या गालाकडच्या दातांवर माझा हात सहज आणि जोरात चालतो, उजवीकडं मनगट वळवावं लागतं म्हणून तिकडं नुसतं फिरवून आणतो. डावीकडच्या सुळ्याच्या शेजारी हिरडी खाली सरकून दाताच्या मुळाशी खाच पडलीय, तिथं थंड पाणी लागलं की कळ येते. ती खाच कशानं पडली असावी, हे मला ब्रशचा फोटो बघून कळलं. दंतवैद्यांनी विचारलं होतं, "उजव्या हातानं घासता ना?" तेव्हा त्यांना कसं कळलं याचं मला नवल वाटलं होतं.

फक्त टोकाचे झुपके चपटे किंवा चावलेले असतील, तर माणूस ब्रश तोंडात धरून दुसरी कामं करतो. अण्णा ब्रश दाढेत धरून अंगणातल्या झाडांना पाणी घालतात. त्यांना सांगून उपयोग झाला नाही, एवढं नमूद करतो.

मधले केस बसलेले आणि कडेचे उभे असतील, तर ब्रश दातांवर सपाट ठेवून आडवा करवतीसारखा चालवला जातोय. हिरडीच्या कडेला तो लागतच नाही.

आणि आईसारखा ब्रश तीन महिन्यांनीही कोरा दिसला, तर शाबासकी द्यायच्या आधी एक चौकशी करा. हात हलका आहे, की घासणंच होत नाही? आम्ही आईला विचारलं. ती सकाळी बोटानं मंजन लावायची आणि ब्रश "चवीपुरता" फिरवायची. म्हणजे तिचा ब्रश टिकला होता तो बसून राहिल्यानं.

पायरी तिसरी: ब्रश टिकवायचा तर हात हलका करा

ब्रश दोन महिन्यांच्या आत फाकत असेल तर महागातला ब्रश आणून फरक पडत नाही. भावाला मी दुप्पट किमतीचा आणून दिला, त्याचीही तीच गत.

घरात किंवा ओळखीच्या किराणा दुकानात डिजिटल काटा असेल तर हा प्रयोग करा. काट्यावर स्वच्छ कापड ठेवून आकडा शून्यावर आणा. रोज दात घासता त्याच जोरानं ब्रश त्यावर दाबा आणि आकडा बघा. साधारण दीडशे-दोनशे ग्रॅमचा दाब दातांना पुरेसा मानतात. भावाचा आकडा पाचशेच्या पुढं गेला. मग त्याला डोळे मिटून दीडशे ग्रॅम दाबायला लावलं. म्हणाला, "ह्यानं तर काटासुद्धा जागा होत नाही." दहा-बारा वेळा केल्यावर मात्र हाताला अंदाज येतो. काटा नसेल तर केसांकडं बघा: घासताना टोकं किंचित वाकली तर ठीक, केस डोक्याच्या कडेबाहेर पसरले तर जास्त.

दाब कमी करायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पकड बदला. मुठीत धरलेला ब्रश खुरप्यासारखा चालतो. पेन धरतो तसा बोटांच्या टोकांत धरला की जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. आठवडाभर अवघडल्यासारखं होतं.

मग घासण्याची पद्धत. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरपे टेकवायचे, साधारण ४५ अंशात, निम्मे दातावर निम्मे हिरडीच्या कडेवर. जागच्या जागी बारीक थरथर द्यायची, दहा-पंधरा वेळा, आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडं ब्रश वळवत आणायचा. दोन-तीन दात झाले की पुढं सरका. बाहेरून, आतून, आणि चावायच्या बाजूला मात्र सरळ मागं-पुढं. पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरा. सगळं धरून दोन मिनिटं. ती दोन मिनिटं किती लांब असतात हे एकदा घड्याळ लावून बघाच.

सुरुवात रोज त्याच दाढेपासून करत असाल तर अधूनमधून दुसरीकडून करा. जिथून सुरू करतो तिथं पेस्टही जास्त असते आणि उत्साहही. मी आता उजवीकडून, अवघड बाजूनं सुरू करतो. पुढच्या ब्रशचा कल बराच कमी झालाय.

डाग काढायच्या नादात झिजणारे ब्रश

हे आपल्याकडं वेगळं सांगायला हवं. तंबाखू, सुपारी, चुना, कात, चहा यांचे डाग दातांवर बसतात आणि माणूस ते ब्रशनं खरवडून काढायला बघतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीच्या मागची जमीन बघितली की बंदीचं काय झालं ते कळतं. मुरलेले डाग आणि दगडासारखा घट्ट झालेला थर ब्रशनं निघत नाही, कितीही दाबा. तो दंतवैद्याकडं जाऊन साफ करून घ्यावा लागतो. ब्रशचं काम रोजचा मऊ थर काढायचं. दगड फोडायला लावला तर तो दहा दिवसांतच फाकणार आणि सोबत दाताची मान, म्हणजे हिरडीजवळचा भागही झिजवणार.

मिश्रीचं तसंच. आमच्या आईच्या वयाच्या कितीतरी बाया अजून मिश्री लावतात, आणि कुणी ती ब्रशला लावून घासतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात साफ करायची गोष्ट ती नव्हेच, तंबाखूची सवय आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिच्यातही आहे. राखुंडी किंवा जाडसर मंजनाची भुकटी ब्रशवर घेतली तर कण केसांच्या मुळाशी अडकून बसतात आणि केस व दात दोन्ही घासतात. मंजन सोडवत नसेल तर निदान बोटानं लावा आणि पेस्टसाठी ब्रश वेगळा ठेवा. पेस्टही वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी या टोकापासून त्या टोकापर्यंतची नागमोडी वळी दुकानदाराच्या फायद्याची.

दंतवैद्य परवडत नाहीत म्हणून लोक खरवडत बसतात, हेही खरं आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दात साफ करून मिळतात. तिकडं नातेवाइकांकडं जाणं होणारच असेल तर एक सकाळ त्यासाठी काढून ठेवावी.

पायरी चौथी: पाणी, क्षार आणि ऊन

मराठवाड्यात बोअरचं पाणी म्हणजे क्षार. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर येतो तोच ब्रशच्या बुडाशी साचतो, पेस्टच्या राहिलेल्या अंशात मिसळून घट्ट होतो आणि केसांना मुळाशी ताठ धरून ठेवतो. मग केस वरच्या निम्म्या भागातच वाकतात आणि लवकर फाकतात. उपाय अवघड नाही. घासून झालं की ब्रश धारेखाली उलटा धरून अंगठ्यानं केस दोन-चारदा विस्कटून धुवा. शेवटी पिण्याचं, फिल्टरचं अर्धं फुलपात्र पाणी केसांवर ओता. मग मोरीच्या कठड्यावर तीन-चार झटके.

पाणीटंचाईचे दिवस आले की पहिली काटकसर ब्रशवर होते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांत आमच्या घरी चूळ भरायला मोजून तांब्या ठेवलेला असायचा आणि त्याच तांब्यात सगळे ब्रश बुडवून धुतले जायचे. टंचाई गेली तरी ती सवय पुढं कितीतरी वर्षं राहिली. एका भांड्यात सगळ्यांचे ब्रश बुचकळू नका. पाणी कमी असेल तर वरून ओतून धुवा. बुडवून धुण्यापेक्षा ते कमीच लागतं.

गरम पाणी ब्रशला वर्ज्य. थंडीत बंबाचं किंवा सोलरचं कढत पाणी आयतं हाताशी असतं, त्यात ब्रश धुतला की नायलॉन नरम होतो आणि आहे त्या वाकड्या आकारात थंड होतो. ब्रश उकळून "निर्जंतुक" करणारेही भेटले आहेत. एका उकळीत त्याचं वय दोन महिन्यांनी वाढतं. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नका, आतल्या धातूच्या चिपा ठिणग्या पाडतात. डेटॉलमध्ये बुडवायचीही गरज नाही. साधं पाणी आणि वारा पुरतो.

ठेवायची जागा. ब्रश उभा, केस वर, आणि दोन ब्रशांचे केस एकमेकांना लागणार नाहीत असा. आमच्या पेल्याच्या जागी आता भोकं पाडलेली लाकडी पट्टी आहे, भावानंच करून दिली. संडास आणि मोरी एकत्र असेल तर पट्टी बाहेर, वाऱ्यावर लावा. पण थेट उन्हात नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३च्या वर जातो; पत्र्याच्या न्हाणीघराच्या खिडकीत दिवसभर ऊन खाणारा ब्रश पिवळा पडतो आणि केस कडक होऊन मोडायला लागतात. उन्हाळ्यात सावलीतही तो तासाभरात खडखडीत वाळतो. श्रावण-भाद्रपदात मात्र सकाळचा ब्रश रात्रीपर्यंत दमटच असतो. तेव्हा सकाळचा एक आणि रात्रीचा एक असे दोन ब्रश आलटून-पालटून वापरले तर दोन्ही पूर्ण सुकतात.

टोपणाचंही सांगतो. प्लॅस्टिकचं टोपण प्रवासापुरतं. आई दरवर्षी दिंडीत चार दिवस चालते. परत येते तेव्हा तिचा ब्रश पॉलिथिनच्या पिशवीत, गाठ मारून, ओलाच, वास येणारा. आता तिला सुती रुमालाची सुरळी करून दिलीय. ब्रश गुंडाळायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर मोकळा करायचा.

पायरी पाचवी: बदलण्याच्या तारखा सणांवर बांधा

शेवटची तारीख लक्षात राहावी म्हणून आम्ही पंचांगाचा आधार घेतला. पाडवा, आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. पाडव्यापासून आषाढीपर्यंत तीन महिने दहा दिवस. आषाढीपासून दसऱ्यापर्यंत जवळजवळ बरोबर तीन महिने. दसऱ्यापासून संक्रांत पावणेतीन ते साडेतीन महिने. संक्रांतीपासून पाडवा दोन-तीन महिने, हा टप्पा थोडा आखूड पडतो, पडू द्या. अधिक महिना मध्ये आला तर एक टप्पा चार महिन्यांच्या आसपास जातो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं पाडवा ते आषाढी असाच लांबलेला आहे, त्या वर्षी मधेच, वटपौर्णिमेच्या सुमाराला बदलून घ्यावा.

या चार दिवशी घरातले सगळे ब्रश एकदम बदलतात. एखाद्याचा नवा दिसत असला तरी. खर्चाचं म्हणाल तर पाच माणसांचे चार वेळा म्हणजे वीस ब्रश, तीस रुपयांचा एक धरला तर वर्षाला सहाशे रुपये. एका दाताची खाच भरायला यापेक्षा जास्त गेले, म्हणून मला हा आकडा आता टोचत नाही.

सणाची वाट न बघता त्याच दिवशी बदलायचं केव्हा? मागून बघताना दोन्ही कडांना केस बाहेर आले, केस सुटायला लागले, बुडाशी काळा डाग किंवा बुरशी दिसली, ब्रश मोरीत खाली पडला, किंवा चुकून दुसऱ्या कुणी वापरला. शेवटच्या कारणावरून घरात भांडण होतं, म्हणून रंग वेगळे ठेवणं बरं.

बॅटरीच्या ब्रशचं डोकंही याच हिशोबानं बदलायचं. त्याच्या काही मॉडेलांत दाब जास्त झाला की दिवा लागतो, भावासारख्यांना ते उपयोगी. कवळीचा ब्रश वेगळा असतो आणि तो तोंडातल्या दातांना लावायचा नाही.

काढलेल्या ब्रशचं काय

आईला ब्रश टाकून देणं पटत नाही, आणि त्यात तिचं चुकत नाही. दातांसाठी निकामी झालेला ब्रश घरात अजून वर्षभर राबतो. शिलाई मशीनच्या दात्यांतली लव, गॅसच्या बर्नरची भोकं, समईच्या नक्षीतली काजळी, कंगवा, मिक्सरच्या भांड्याची वाटी. शेतावर ठिबकच्या फिल्टरची जाळी आणि फवारणी पंपाचं नोझल साफ करायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण इथं एक काळजी घ्यायची. ब्रश मोरीतून बाहेर काढायच्या आधी त्याचे केस कात्रीनं निम्मे कापा. शेतातला, औषधाचे हात लागलेला ब्रश चुकून परत पट्टीत येऊन उभा राहिला असं होता कामा नये, आणि निम्म्या केसांचा ब्रश अंधारातही हाताला ओळखू येतो. कापल्यानं तो घासायला जास्त कडकही होतो. फवारणीचा ब्रश घरात आणूच नका, शेतातल्या खोपीत खिळ्याला लटकवा.

दांड्याला मागं भोक असेल तर केसांचा भाग तोडून दांडा जपून ठेवा. परकराची नाडी ओवायला आईकडं असे चार दांडे आहेत. त्यांतल्या एकावर माझ्या अक्षरातली पाडव्याची तारीख अजून वाचता येते.